सिंथेटिक तेलावर ठाणे ते विठ्ठलवाडी

माझ्या ओळखीतले लोक गाडी घेऊन लडाखला जातात, भूतानला जातात आणि आल्यावर चहाला बोलावून फोटो दाखवतात. मी ठाण्याहून विठ्ठलवाडीला गेले. फोटो एकही काढलेला नाही, कारण निम्मा वेळ माझे हात तेलाने काळे होते. पण जे घडलं ते सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहिते.

नौपाडा

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. नौपाड्यातल्या माझ्या इमारतीखाली एक जुनी पांढरी मोटार उभी असते. ती मूळची माझ्या थोरल्या भावाची, नानाची. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबवेना, तेव्हा त्याने ती मला दिली. गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. सकाळी चालू केली की पहिला मिनिटभर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, मग शांत होते.

नाना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. गाडीच्या बाबतीत तो कमालीचा सोवळा. इंजिनाचं तेल म्हणजे साधं मिनरल, तेही एकाच जाडीचं, आणि ठरलेल्या वेळी बदललेलं. "शुभे, जुन्या इंजिनाला नवीन चाळे लावायचे नाहीत," असं मला किल्ली देतानाच त्याने बजावलेलं.

म्हणून डिसेंबरच्या अखेरीस त्याचा फोन आला तेव्हा मी चक्रावले.

"तेल बदलून घे. सिंथेटिक घाल."

"नाना, तूच बोलतोयस ना?"

"मीच. सकाळचा तो खडखडाट कमी होतो म्हणतात. त्या गाडीतून सुमतीला आणायचंय. तिच्या भावाच्या दारात खडखडाट नको."

सुमती म्हणजे सुमतीताई, डोंबिवलीच्या. नानाचं लग्न ठरलं होतं त्यांच्याशी. नाना सत्तरी ओलांडलेला, त्या सहासष्ट वर्षांच्या. दोघांची ओळख कल्याणच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात झाली. दोघांचेही गुडघे नवीन, दोघंही जिना चढायला शिकत होते. सुमतीताईंचे यजमान फार पूर्वी गेले, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायच्या. माझी लतावहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी नानाला "छान झालं" म्हटलं होतं. तोंडाने. लतावहिनी माझी मैत्रीण होती. तिच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी उभं राहणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नव्हती. पण मी निदान बोलत तरी होते. नानाचा मुलगा गिरीश कल्याणातच राहतो. त्याने "तुमचं तुम्ही बघा" एवढं म्हणून फोन ठेवलेला, आणि तेव्हापासून तो त्या घरी गेलेला नव्हता.

वागळे इस्टेट

नौपाड्यातून वागळे इस्टेट म्हणजे परदेश नव्हे, तरी मला तिथे गेलं की दुसऱ्या मुलखात आल्यासारखं वाटतं. काचेच्या ऑफिसांच्या मध्येमध्ये अजून जुन्या शेड तग धरून आहेत. पत्र्यावर वेल, आत लेथचा आवाज, दाराशी चहाची किटली. तिथल्या एका शेडमध्ये मोरे मिस्त्रींचं गॅरेज आहे. मिस्त्री साताऱ्याकडचे, बोलायला सावकाश.

सिंथेटिक म्हटल्यावर त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"ताई, तेल चांगलंय, त्यात प्रश्न नाही. पण या इंजिनात इतकी वर्षं मिनरल फिरलंय. आत काळा थर धरलेला असतो. नवीन तेल तो धुऊन काढतं."

"मग चांगलंच की."

"चांगलंच. पण कधीकधी त्या थरानेच एखादी फट बुजलेली असते. थर गेला की फट उघडी. मग गळतं. लोक म्हणतात तेलाने गाडी बिघडवली. तेल काय बिघडवतंय, जुनं पॅकिंग, झाकणाखालची ती रबरी पट्टी, आधीच वाळलेलं असतं."

"घालू की नको?"

"घाला. फक्त नव्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ नको. सिंथेटिकमध्येच जाड येतं, ते टाकू. एक डबा डिकीत ठेवा आणि रोज काडी बघा."

काडी म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी लांब पट्टी; ओढायची, पुसायची, परत घालून बघायची. जुनं तेल खालच्या घमेल्यात पडलं ते डांबरासारखं होतं. नवीन ओतलं ते मधासारखं. गाडी चालू केली. खडखडाट होता, पण क्षणभरच. मी नानाला फोनवरून ऐकवला. तो म्हणाला, "आणखी एकदा बंद करून चालू कर."

पुढचे काही दिवस मी काडी बघत होते. तेल बेताने कमी होत होतं. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी फरशीवरचे थेंब मला बोटाने दाखवले. मी खाली पुठ्ठा अंथरला आणि विषय संपवला.

डोंबिवली

लग्नाची नोंदणी सोमवारी सकाळी कल्याणला होती. रविवारी मी सुमतीताईंना डोंबिवलीहून घ्यायचं आणि विठ्ठलवाडीला नानाकडे न्यायचं. लग्नाआधी एक रात्र त्या घरात राहणं बरं दिसेल का, यावर त्यांच्या भावाकडे बरीच चर्चा झालेली. शेवटी नवऱ्याची बहीण सोबत आहे म्हटल्यावर सगळे थांबले. म्हणजे त्या प्रवासात मी ड्रायव्हरही होते आणि अब्रूही.

सकाळी कळव्याचा पूल ओलांडला. खाडीला भरती होती. उजवीकडे पारसिकचा डोंगर जानेवारीतल्या गवताने पिवळा पडलेला. मुलांना मी दरवर्षी सांगायचे की हा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा. मुलं दरवर्षी खिडकीतून बघायची आणि त्यांना तिथे फक्त झोपड्या आणि टॉवर दिसायचे. शीळफाट्याला ट्रकांच्या मध्ये अडकले, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने सुटले. गाडी लोण्यासारखी चालत होती. मी स्वतःशीच नानाला मार्क देऊन टाकले.

सुमतीताई खाली येऊन उभ्या होत्या. एक सुटकेस, एक पिशवी आणि कुंडीतलं कढीपत्त्याचं झाड. वर गॅलरीत भावजय उभी. भाऊ सामान ठेवून म्हणाला, "उद्या येतो कल्याणला, साक्षीदार म्हणून," आणि मग त्याने गाडीच्या टपावर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. सुमतीताईंनी वर बघून हात हलवला. भावजयीने पदर डोळ्यांना लावला की केस सारखे केले, ते खालून कळलं नाही.

गाडीत आम्ही दोघी आणि मांडीवर झाड. मी त्यांना "तुम्ही" म्हणत होते, त्याही मला. एमआयडीसी ओलांडून कल्याणच्या दिशेने लागल्यावर त्या म्हणाल्या, "कसला तरी वास येतोय का हो?"

मला आधीच येत होता. जळक्या तेलाचा. मग बॉनेटच्या कडेने धुराची बारीक रेघ निघाली. मी गाडी डावीकडे घेतली, एका कमानीतून आत वळवली आणि इंजिन बंद केलं.

रस्त्याकडेचं गाव

कमानीच्या आत आगरी लोकांचं जुनं गाव होतं. आता गाव म्हणायचं ते नावापुरतं. भातशेती गेली, तिच्या जागी चाळी आणि चार-पाच मजली इमारती, प्रत्येकीवर कुणाच्या तरी वडिलांचं नाव. आम्ही थांबलो त्या बंगल्याच्या फाटकावर दोन सिंह होते, आणि सिंहांच्या मध्ये गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं नेसलेली एक म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"काय झायला गो बायांनो? गारी बंद परली?"

"धूर येतोय, आजी. जरा थंड होऊ दे."

"होव दे थंड. तुमी उनान कला उभ्या रल्याव? घरान या."

तिचं नाव हिराबाई. तिने आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि नौपाड्यात ज्या गोष्टी कळायला दोन वर्षं लागतात त्या पहिल्या पाच वाक्यांत विचारून घेतल्या. गाव कुठलं, जात कुठली, मुलं किती. मला नवरा नाही म्हटल्यावर "कला नाय केलास?", म्हणजे का नाही केलंस. आमच्याकडे असं विचारणं अडाणीपणाचं मानतात, आणि मग पाठीमागे त्याचीच चर्चा करतात. मला हिराबाईची रीत बरी वाटली. मी म्हटलं, "जमलं नाही." ती म्हणाली, "बरा केलास," आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

बॉनेट उघडून मी मोरे मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. फोन इंजिनावर फिरवला.

"थांबा ताई. वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात दाखवा. ते बघा, ओलं. तिथून तेल गरम पायपावर पडतंय, म्हणून धूर. काडी बघा."

काडी सुमतीताईंनी ओढली. माझा चष्मा वाफेने धुरकटला होता. त्यांनी ती उन्हात धरून बघितली. "खालच्या रेघेच्याही खाली आहे."

"समोरचा तेलाचा लाल दिवा लागला होता?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"मग इंजिन वाचलं. पान्याने झाकणाचे बोल्ट जरा आवळा. जरा म्हणजे जराच. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. पॅकिंग वाळलंय, जास्त दाबलंत तर तुकडाच पडेल. मग डब्यातलं तेल भरा आणि सावकाश जा. पॅकिंग मी येऊन बदलतो दोन दिवसांत."

डिकीत नानाचे पाने होते. मी बोल्ट आवळायला वाकले. सुमतीताई झाडाची कुंडी ओसरीवर ठेवून आल्या आणि माझ्या शेजारी फडकं घेऊन उभ्या राहिल्या. हात काळे झाले की काम करताना माणूस समोरच्याकडे बघत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं की काय कोण जाणे. त्या म्हणाल्या, "शुभाताई, तुम्हाला हे लग्न आवडलेलं नाही ना?"

मी पाना फिरवत राहिले. "लतावहिनी माझी मैत्रीण होती."

"ते मला ठाऊक आहे. नाना त्यांच्याबद्दल खूप बोलतात. पहिल्यांदा भेटले तेव्हा पहिला अर्धा तास त्यांच्याबद्दलच बोलत होते. मी ऐकून घेतलं. मग मी माझ्या यजमानांबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे कुणी विचारतच नाही हो त्यांच्याबद्दल. तीस वर्षं झाली, कोण विचारणार."

"काय नाव होतं त्यांचं?"

"मधुकर." त्यांनी फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "सिनेमा बघताना मोठ्याने हसायचे. मला लाज वाटायची."

मी शेवटचा बोल्ट आवळला आणि डबा उघडला. त्यांनी नरसाळं धरलं. सगळा डबा रिकामा झाला तेव्हा काडी वरच्या रेघेच्या जरा खाली आली.

हिराबाईने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, कांद्यात परतलेली सुकी करंदी. सुमतीताई देशावरच्या, त्यांना सुक्या मासळीच्या वासाची सवय नाही. पण त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून करंदी उचलली आणि डोळे मिटून खाल्ली, आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतली. जेवताना हिराबाईने विचारलं, कुठे निघालात. मी सांगितलं, उद्या लग्न आहे.

"कोनचा लगीन?"

"यांचं. माझ्या भावाशी."

म्हातारीने सुमतीताईंकडे नीट बघितलं, पांढऱ्या केसांपासून गुडघ्यावरच्या पट्ट्यापर्यंत. मी मनातून आक्रसले. तिने एवढंच विचारलं, "मंग हलद कवा लागली?"

"हळद नाही हो," सुमतीताई म्हणाल्या. "रजिस्टर लग्न आहे. आणि मला एकदा लागलेली आहे ना. परत कशी..."

"मंग काय झायला? भाताला येकदाच पानी देतान काय?"

नंतर कळलं की हिराबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालवणारी, गाणी म्हणणारी बाई. गावोगावची कितीतरी लग्नं तिच्या गळ्यातून लागलेली. आमच्या घरांत हळद म्हणजे सकाळी उरकायची गोष्ट. पाच सवाष्णी, आंब्याच्या पानाने पाच ठिकाणी बोट, आणि साड्यांना डाग पडू नयेत म्हणून सगळ्यांची धडपड. इथे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा, अख्खं गाव नाचतं. हिराबाई वाटीत हळद कालवून घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली.

"तू नवऱ्याची भैन ना? मंग पयली तू लाव."

"आजी, माझे हात बघा." साबणाने दोनदा धुऊनही नखांत तेल काळं बसलं होतं.

"हात हायत ना? मंग लाव."

सुमतीताई पाटावर बसल्या. मान खाली. मी त्यांच्या गालांना हळद लावली, मग हातांना, मग पावलांना. त्या नव्या गुडघ्यांमुळे त्यांना पाय नीट दुमडता येत नव्हते, म्हणून मीच खाली वाकले. हिराबाईने गायला सुरुवात केली. आवाज फाटका होता, पण सूर पक्का. शब्द मला निम्मे कळले. त्यात नवरीच्या आईचं नाव घ्यायची जागा येते. तिथे थांबून तिने विचारलं. सुमतीताईंनी सांगितलं, "गोदावरी." आणि गाण्यात आपल्या आईचं नाव ऐकल्यावर मात्र त्या रडायला लागल्या, मोकळेपणाने, लहान मुलीसारख्या. मी त्यांचे हात धरून बसले. माझ्या हातांनाही हळद लागली होती. लतावहिनी तिथे असती तर तिने मला केव्हाच पुढे ढकललं असतं, हे मला त्या ओसरीवर कळलं.

निघताना हिराबाईला काय द्यावं सुचेना. सुमतीताईंनी कढीपत्त्याचं झाड तिच्या अंगणात ठेवलं. म्हातारीने नको म्हटलं नाही.

विठ्ठलवाडी

रिक्षाही ओव्हरटेक करत होत्या अशा चालीने आम्ही दिवस कलताना विठ्ठलवाडीला पोचलो. नाना इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. आधी त्याने सुमतीताईंकडे बघितलं, त्यांच्या पिवळ्या गालांकडे बघितलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग मला म्हणाला, "बॉनेट उघड."

"नाना, अरे, त्या दमल्यात."

"उघडू दे," सुमतीताई म्हणाल्या. "त्यांना करमणार नाही."

त्याने सगळी हकिगत ऐकली, झाकणावर हात ठेवला, ओलं बोट हुंगलं. "पॅकिंग मीच बदलायला हवं होतं," एवढंच म्हणाला. पिठलं त्याने स्वतः केलं होतं. जरा घट्ट झालेलं.

सोमवारी सकाळी काडी पुन्हा खाली. डबा रिकामा. मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातून मिनरल आणते थोडं."

"नाही," नाना म्हणाला. "सिंथेटिकच पाहिजे. त्याच जाडीचं." आणि त्याने फोन उचलला. "गिरीश? ऐक, गाडीला तेल हवंय. इथे मिळत नाहीये. तुझ्या घराजवळ मोठं दुकान आहे ना... नाही, दुसरं काही नाही. फक्त तेल. ते नसलं तर गाडी निघायची नाही."

फोन ठेवल्यावर मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "नाना, अडीनडीला मिनरल मिसळलं तर चालतं. मोरे मिस्त्री म्हणाले होते मला."

"मला माहितीये," नाना म्हणाला. "तू गप्प बस."

गिरीश आला तेव्हा आम्ही तयार होऊन खाली उभे होतो. सुमतीताई जांभळ्या इरकलीत. गिरीशच्या अंगात घरातला टी-शर्ट, हातात डबा. तो कुणाशीच बोलला नाही. त्याने बॉनेट उघडलं, काडी पुसली, तेल ओतलं, पुन्हा काडी बघितली. हे सगळं त्याला नानानेच शाळकरी वयात शिकवलेलं. झाकण लावून त्याने हात पुसले आणि गाडीकडे बघतच म्हणाला, "आत्या, तू हिला कल्याणपर्यंत नेणार? हे गळतंय अजून."

"न्यायला तर हवं."

त्याने हात पुढे केला. "दे किल्ली."

नोंदणी कार्यालयात साक्षीदार तीन लागतात. सुमतीताईंचा भाऊ, मी, आणि तिसरे नानाचे शेजारी. ते बिचारे कोट घालून आलेले. सहीची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांनी पेन खिशातून काढलं, दाराशी उभ्या गिरीशकडे बघितलं आणि पेन परत खिशात ठेवलं. "घरचा माणूस असताना मी कशाला?"

नाना टेबलावरच्या कागदाकडे बघत होता. गिरीश पुढे आला, सही केली, आणि त्याच्या तेलकट अंगठ्याचा ठसा कागदाच्या कडेला उमटला. कारकुनाने नाक मुरडलं, पण चालवून घेतलं.

तिथून त्यांना टिटवाळ्याला दर्शनाला जायचं होतं. गाडीत माझ्यासाठी जागा होती. मी म्हटलं, मला घरी कामं आहेत, मी स्टेशनवरून जाते, गाडी पॅकिंग होईपर्यंत इथेच असू दे. नाना आणि सुमतीताई मागे बसले. गिरीशने गाडी चालू केली. ती लगेच, आवाज न करता चालू झाली.

निघता निघता तो थांबला. आरशात बघितलं. मग मान मागे वळवून, सकाळपासून पहिल्यांदाच, सुमतीताईंशी बोलला.

"वारा लागेल तुम्हाला. काच वर करू का?"

"नको," सुमतीताई म्हणाल्या. "असू दे, गिरीश. छान वाटतंय."

त्याने मान हलवली आणि गाडी सावकाश रस्त्याला लावली.